१.२ टीएसआय इंजिन: कोड पुसूनही ईपीसीचा दिवा परत लागतो तेव्हा

चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी एकदम ओढेनाशी होते. डॅशबोर्डवर ईपीसीचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात बिघाड असल्याचं सांगणारा दिवा लागतो. इंजिन बंद पडत नाही, पण टर्बो काढून ठेवल्यासारखं मरगळलेलं चालतं. बाजूला थांबून चावी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं जागेवर. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, गाडीने साठवलेला बिघाडाचा कोड पुसतात, गाडी काही दिवस नीट चालते आणि पुन्हा तेच. फोक्सवॅगन समूहाच्या ईए१११ मालिकेतलं १.२ टीएसआय इंजिन ज्यांच्या गाडीत आहे, त्यांच्याकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते. पोलो, गोल्फची सहावी पिढी, स्कोडाच्या फाबिया, यति आणि ऑक्टेव्हिया, सिआटची इबिझा, ऑडीची ए१ अशा बऱ्याच गाड्यांत हे इंजिन आलं.

चावी फिरवल्यावर गाडी बरी होते, म्हणून दोष लहान आहे असं समजू नका. इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे कंट्रोल युनिटला, अपेक्षित बूस्ट (टर्बोने चढवलेला हवेचा दाब) मिळाला नाही की ते इंजिन सांभाळण्यासाठी ताकद कमी करतं, आणि पुढच्या वेळी इंजिन चालू केल्यावर पुन्हा एकदा प्रयत्न करून बघतं. मूळ बिघाड तिथेच असतो. कोड पुसणं ही दुरुस्ती नव्हे. दुसऱ्या टोकाला, कोड दिसताच अख्खा टर्बो बदलायला सांगणं हीसुद्धा बहुतेक वेळा घाईच असते. या दोन टोकांच्या मधे तासाभराची तपासणी आहे आणि ती कोणी करत नाही, हेच या इंजिनाचं मोठं दुखणं आहे.

आधी इंजिन ओळखा

१.२ टीएसआय या एकाच नावाची दोन वेगळी इंजिनं आहेत आणि सुटे भाग मागवताना इथेच गोंधळ होतो. इथे बोलतोय ते जुनं, ईए१११. चार सिलिंडर, ११९७ सीसी, बोअर ७१ मिमी, स्ट्रोक ७५.६ मिमी, कॉम्प्रेशन १०:१. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण आठ, आणि कॅम फिरवायला टायमिंग चेन. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. टर्बो आयएचआय कंपनीचा, आणि त्याचं वेस्टगेट (एक्झॉस्ट गॅस बाजूने सोडणारी झडप) हवेच्या दाबावर नाही तर छोट्या विजेच्या मोटरवर उघडतं-मिटतं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढची अर्धी तपासणी त्यावरच आहे.

सीबीझेडए या कोडचं इंजिन ८६ पीएस आणि १६० न्यूटन मीटर देतं, सीबीझेडबी १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर. २०१२ पासून आलेल्या ईए२११ मालिकेतलं १.२ टीएसआय मुळातूनच वेगळं आहे: टायमिंगला चेनऐवजी बेल्ट, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला. टायमिंग चेनबद्दल खाली जे लिहिलंय ते त्याला लागू नाही. आणि १.४ लिटरचं सुपरचार्जर अधिक टर्बोवालं इंजिनही वेगळंच. त्यातल्या पिस्टनच्या रिंगांच्या मधली भिंत तुटण्याच्या गोष्टी ऐकून १.२ च्या मालकांनी घाबरायचं कारण नाही.

कोड पुसण्याआधी वाचा

स्कॅनर लावला की पहिलं काम म्हणजे कोड आणि त्याच्याबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहिती लिहून घेणं. त्या क्षणी आरपीएम किती होते, लोड किती होता, इंजिन गरम होतं की थंड, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की ही माहितीही पुसली जाते. दर वेळी पुसून देणारा मेकॅनिक पुढच्या तपासणीचा पुरावाच फेकून देत असतो.

या तक्रारीत साधारण हे कोड दिसतात. पी०२९९ म्हणजे मागितला तेवढा बूस्ट मिळाला नाही. पी०२३४ म्हणजे जास्त मिळाला. पी२५६३ म्हणजे वेस्टगेट कुठे आहे ते सांगणाऱ्या सेन्सरचं म्हणणं कंट्रोल युनिटच्या अपेक्षेशी जुळत नाही. पी०३०० ते पी०३०४ हे मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचे. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. हा दिसला तर बाकी सगळं सोडून थेट टायमिंग चेनच्या भागाकडे जा आणि तोवर गाडी चालवू नका.

पी०२९९ आणि पी२५६३ जोडीने आले तर संशयाची सुई बहुतेक वेस्टगेटवरच जाते. नुसता पी०२९९ असेल तर मात्र वेस्टगेट, पाइपची गळती, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्ट साफ करणारा जाळीदार डबा) यांपैकी काहीही असू शकतं.

आता एक फुकटची चाचणी. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि लाइव्ह डेटामध्ये दाबाचे आकडे बघा. या इंजिनात दाब मोजणारे दोन सेन्सर आहेत, एक थ्रॉटलच्या आधी पाइपमध्ये आणि दुसरा इनटेक मॅनिफोल्डवर. इंजिन फिरत नसताना दोघांनाही फक्त बाहेरच्या हवेचाच दाब दिसायला हवा, म्हणजे समुद्रसपाटीला साधारण १००० मिलीबार आणि १५०० मीटर उंचीवर सुमारे ८५०. दोघांत ठळक फरक असेल तर ज्याचा आकडा बाहेरच्या हवेशी जुळत नाही तो सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर आधी बघा. आणि हे आकडे पूर्ण दाबाचे असतात, हवेच्या दाबावर चढवलेल्या दाबाचे नव्हेत. १६०० वाचून टर्बो १.६ बार देतोय असं समजू नका. तो ०.६ देतोय.

वेस्टगेटची दांडी

टर्बोच्या टर्बाइनवर जाणारा एक्झॉस्ट गॅस गरजेप्रमाणे बाजूने सोडून देणारी झडप म्हणजे वेस्टगेट. झडप एका लहान शाफ्टवर असते, शाफ्टला बाहेरून लिव्हर, लिव्हरला दांडी आणि दांडीला मोटरवाला ॲक्च्युएटर. शाफ्ट ज्या बुशमधून जातो तो सतत तापतो आणि निवतो. गंज धरतो, काजळी साचते, मग लिव्हर अडकायला लागतो. मोटर ढकलते, झडप अर्धवट मिटते, बूस्ट गळतो, दिवा लागतो. लहान अंतर, हलका पाय अशा वापरात झडप आपल्या पूर्ण पल्ल्यात क्वचितच फिरते आणि जाम होण्याचा धोका वाढतो. पुढे एखाद्या दिवशी चढावर पूर्ण बूस्ट मागितला जातो, आणि नेमकी तेव्हा ती अडते.

तपासताना बहुतेक जण दांडी हाताने ओढून बघतात आणि ती हलत नाही म्हणून जाम झाली असं ठरवतात. या टर्बोवर ते चालत नाही. ॲक्च्युएटरच्या आत गिअर असल्यामुळे दांडी जोडलेली असताना हाताने तशीही नीट हलत नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. ॲक्च्युएटरचा कनेक्टर काढा. दांडी आणि लिव्हर जिथे जोडलेत तिथे एक छोटी क्लिप असते. खाली फडकं पसरा, कारण ती उडाली तर इंजिनाभोवतीच्या खाचाखोचांत पडते आणि सापडत नाही. क्लिप काढून दांडी मोकळी केली की फक्त लिव्हर बोटाने पुढेमागे करा. निरोगी लिव्हर बोटाच्या हलक्या धक्क्याने टोकापासून टोकापर्यंत जातो आणि झडप बसताना आतून बारीक ‘टक’ ऐकू येतं. बिघडलेला मधेच खरखरतो, एका जागी जोर मागतो किंवा पकडीशिवाय हलतच नाही.

हे करताना शाफ्ट वरखाली किंवा आडवा किती डुलतो तेही पाहा. थोडी मोकळीक असतेच, कारण धातू तापून फुगतो तेव्हा जागा लागते. पण शाफ्ट स्पष्ट कलत असेल तर बुश झिजलाय आणि झडप आपल्या जागेवर सरळ बसत नाही. अशा गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर किंवा हलक्या लोडवर पत्र्यासारखा खुळखुळाट येतो, तो याच जागेचा.

फक्त जाम असेल आणि झीज नसेल तर टर्बो वाचतो. गंज सोडवणारं तेल मारून लिव्हर पुन्हा पुन्हा पूर्ण पल्ल्यात फिरवा, मोकळा झाला की प्रचंड तापमान सोसणारी धातूची किंवा सिरॅमिक पेस्ट लावा. साधं ग्रीस लावू नका. ते तिथल्या उष्णतेने जळतं, त्याचा कोळसा होतो आणि पुढच्या वेळी लिव्हर आधीपेक्षा घट्ट बसतो. नुसतं गंज सोडवणारं तेल मारून सोडून देणंही तसंच, पहिल्या लांब धावेत ते जळून जातं. पुन्हा जोडताना क्लिप नवीन वापरा.

लिव्हर मोकळा आहे तरी पी२५६३ येतोय? मग ॲक्च्युएटर. तो जागेवर पण दांडी सुटी असताना स्कॅनरच्या आउटपुट टेस्टमधून (स्कॅनरवरून भागाला थेट हुकूम देऊन) चालवा आणि पोझिशन सेन्सरचं व्होल्टेज बघत राहा. ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग बदललं पाहिजे. मधेच उडी मारत असेल किंवा अडखळत असेल तर आतला सेन्सर किंवा गिअर गेला. ॲक्च्युएटर सुटा मिळतो, पण तो बसवल्यावर दांडीची लांबी जुळवून बेसिक सेटिंग, म्हणजे झडपेची टोकं स्कॅनरने कंट्रोल युनिटला शिकवणं, करावंच लागतं. हे न करता दिलेली गाडी चार दिवसांत त्याच कोडसह परत येते, आणि मग दोष नव्या भागावर टाकला जातो.

वेस्टगेट बरं असेल तर

रस्त्यावरची नोंद घ्या. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर देत ५००० पर्यंत न्या. लॅपटॉप दुसऱ्या माणसाकडे द्या, चालवणाऱ्याने त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट या दोन रेषा शेजारी ठेवल्या की बरंच कळतं. सुरुवातीपासूनच मिळालेला बूस्ट मागे असेल आणि वरच्या आरपीएमला हळूहळू जवळ येत असेल तर झडप पूर्ण मिटत नाही, कारण वर एक्झॉस्ट इतका वाहतो की थोडी गळती झाली तरी टर्बाइन फिरते. खाली ठीक आणि दाब चढल्यावर मागे पडत असेल, सोबत फुसफुस ऐकू येत असेल, तर पाइप किंवा क्लॅम्प. आणि फक्त ४००० च्या पुढे दम तुटत असेल तर एअर फिल्टरपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत कुठेतरी वाट अडलेली आहे.

पाइपची गळती डोळ्यांनी शोधायची सोपी खूण म्हणजे तेलाचा ओला डाग. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ इनटेककडे नेणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ इनटेकमध्ये असतेच, फट असेल तिथून ती बाहेर येते आणि धूळ चिकटून काळा ओघळ दिसतो. खात्री करायची तर स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपमध्ये धूर भरून तो कुठून निघतो ते बघणं.

दिवा नाही, बूस्टही बरोबर, तरी गाडी गरम झाल्यावर मंदावते, अशी तक्रार असेल तर इंटरकूलरच्या पाण्याकडे बघा. या इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय आणि त्याला हवा नव्हे तर पाणी गार करतं, वेगळ्या सर्किटमधून, विजेच्या पंपाने. पंप मेला किंवा सर्किटमध्ये हवा अडकली की मॅनिफोल्डमधली हवा तापत जाते, नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकून होणारी ठोकर) टाळायला कंट्रोल युनिट ठिणगी उशिरा पाडतं आणि ताकद जाते. लाइव्ह डेटामध्ये मॅनिफोल्डच्या हवेचं तापमान सारखं चढतच राहिलं तर हेच. दमवून आणलेली गाडी बंद केल्यावर हा पंप काही वेळ गुणगुणत राहतो, कारण टर्बोलाही तोच गार करतो. तो आवाज बिघाडाचा नाही. तो यायलाच हवा.

मिसफायर

लोडवर धक्के मारणं आणि इंजिनाचा दिवा लुकलुकणं हे वेगळं लक्षण आहे, पण ईपीसीबरोबर येतं म्हणून लोक टर्बोच्या मागे लागतात. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल नाही. एक कॉइल युनिट आणि तिथून चार प्लगवायर अशी जुन्या पद्धतीची मांडणी आहे, आणि वायर हा तिचा कच्चा दुवा. अंधारात, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. वायरमधून ठिणगी बाहेर उडत असेल तर निळसर चमक दिसते. हात लावू नका. प्लग आणि वायर एकत्रच बदला, कारण झिजलेला प्लग जास्त व्होल्टेज मागतो आणि नवी वायरही लवकर खराब करतो.

मिसफायर चालू ठेवून गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळून वाट तुंबते आणि मग खरोखरच पी०२९९ येतो. वायरच्या बिघाडापासून सुरू झालेली गोष्ट टर्बोच्या बिलापर्यंत अशी पोहोचते.

प्लग-वायर नवे असूनही सकाळी गार इंजिन थोडा वेळ मिस मारत असेल, आयडलिंगला थरथरत असेल, तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन असण्याची शक्यता मोठी. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्यामुळे व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने कधी धुतलीच जात नाही, ब्रीदरमधून आलेलं तेल तिथे भाजून थर धरतं. टाकीत ओतायची औषधं तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यावर पैसे घालवू नका. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाची भुकटी हवेच्या झोताने मारून साफ करणं हा खरा उपाय.

टायमिंग चेन

ही वेगळी समस्या आहे, पण या इंजिनावर लिहिताना ती टाळता येणार नाही, कारण बाकी सगळं बिघडलं तर गाडी रडत का होईना चालते. चेन एक-दोन दात सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताना पहिले काही क्षण खडखड आली, मग शांत झाली, तर ती टायमिंग चेन. तिला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. गाडी उभी असताना दाब उतरतो, चेन झिजून लांबलेली असेल तर दाब परत येईपर्यंत ती ढिली आपटत राहते. लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक कडीतली पिन आणि तिचं भोक थोडं थोडं झिजतं आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून लांबी वाढते. आवाज काही क्षणांत जातो म्हणून पुढे ढकलणारे मालक फार आहेत. माझ्या मते हा आवाज सलग काही दिवस आला की चेनचं कव्हर उघडून बघायचंच. सुरुवातीच्या काळातल्या इंजिनांत हा त्रास जास्त. कंपनीने पुढे सुधारित भाग आणले. बदलताना चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर ती लवकरच जुनी होते.

दोन सवयी चेनला वाचवतात. मॅन्युअल गाडी उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक पूर्ण ओढा, गाडीचं वजन त्याच्यावर येऊ द्या, मग गिअर टाका. सगळा भार गिअरवर सोडला तर इंजिन उलटं ढकललं जाऊ शकतं आणि ढिली चेन दात सोडू शकते. दुसरी सवय तेलाची. कंपनीच्या लांब मुदतीच्या वेळापत्रकात ३०,००० किमी किंवा २ वर्षं अशी मुभा होती. चेन असलेल्या, थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनाला ती मला अजिबात पटत नाही. लहान फेऱ्यांत पेट्रोल तेलात मिसळतं, तेल पातळ होतं आणि झीज सरळ पिनांवर जाते. १०,००० किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते. डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० किंवा ५०४ ०० ही मान्यता छापलेली असली पाहिजे, नुसतं ‘५डब्ल्यू-३०’ पुरेसं नाही. आणि तेलाची काडी महिन्यातून एकदा तरी बघा, पातळी खाली गेली की टेन्शनरलाच आधी चटका बसतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी तीच तिसऱ्या गिअरची नोंद पुन्हा घ्या, त्याच रस्त्यावर, गाडी तेवढीच गरम असताना. मागितलेली आणि मिळालेली रेषा एकमेकींना धरून चालत असतील तर कोड पुसा. नसतील तर कोड तसाच राहू द्या आणि फ्रीझ फ्रेम पुन्हा वाचायला घ्या.